द्वितीय पुरुष

चहाचा ट्रे माझ्यापुढे धरला होता. धरणारी मुलगी हातभर अंतरावर, तिच्या बांगड्यांवरची खडी मोजता येईल इतकी जवळ. आणि तिनं विचारलं माझ्या शेजारी बसलेल्या बायकोला, "काकू, ह्यांना साखर चालते का?"

साखर मला चालते. चांगली दोन चमचे चालते. मोती चौकातले कंदी पेढे खात साताऱ्यात वाढलेल्या माणसाला न चालून सांगते कुणाला? पण हे वाक्य जुळवायला मला चार-पाच सेकंद लागतात, आणि लोकांच्या दिवाणखान्यात चार-पाच सेकंद म्हणजे फार मोठा काळ. तेवढ्यात बायको "चालते, चालते" म्हणाली, कप हातात आला, आणि माझं वाक्य तयार होऊन तोंडातच बसून राहिलं.

बावीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. सर्वनामाचा धडा आला की फळ्यावर तीन रकाने आखायचे. बोलणारा तो प्रथम पुरुष: मी, आम्ही. ज्याच्याशी बोलायचं तो द्वितीय पुरुष: तू, तुम्ही. ज्याच्याविषयी बोलायचं तो तृतीय पुरुष: तो, ती, ते. मो. रा. वाळंब्यांच्या व्याकरणात आहे, परीक्षेत दोन मार्कांना येतं, मुलं पाठ करतात आणि विसरतात. मलाही त्यात कधी काही विशेष दिसलं नव्हतं. जिवंत माणूस एका रकान्यातून उचलून दुसऱ्यात ठेवता येतो, हे ध्यानीमनीही नव्हतं.

२०१८च्या श्रावणातली गोष्ट. घरात पाहुणे, आमटी उकळतेय आणि कोथिंबीर नाही. "पाच मिनिटांत आलो" म्हणून स्कूटर काढली. हेल्मेट दाराआडच्या खुंटीवर होतं. पाच मिनिटांसाठी कोण घालतं? पुढचं सगळं ऐकीव. कुत्रं आडवं आलं म्हणतात. डोकं गटाराच्या काठावर आपटलं म्हणतात. कोथिंबिरीची जुडी मात्र हँडलला अडकवलेल्या पिशवीत जशीच्या तशी होती, हे सगळे न चुकता सांगतात.

बेशुद्धी मोजतात ती ग्लासगोच्या मोजपट्टीनं. त्या शहरातल्या दोन डॉक्टरांनी १९७४ साली ती बसवली. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, असे तीन प्रश्न, एकूण गुण पंधरा. मला सात पडले. पुढं हे कळलं तेव्हा मास्तरकीच्या खोडीनं मी विचारलं, कमीत कमी किती मिळतात? तर तीन. कोरा पेपर दिला तरी तीन गुण देणारी दुसरी परीक्षा माझ्या पाहण्यात नाही.

मेंदूला सूज आली आणि कवटीत तिला जागा नव्हती, म्हणून डाव्या बाजूचा तळहाताएवढा हाडाचा तुकडा काढला, आणि तो खराब होऊ नये म्हणून माझ्याच पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवला. चार महिने माझं अर्धं टाळकं पोटात होतं. कुशीवर वळलो की टोचायचं. भेटायला येणारी मोठी माणसं माझ्या खचलेल्या डोक्याकडे बघायचं टाळून पंख्याकडे बघत. भाचीचा चार वर्षांचा मुलगा तेवढा सरळ आला, पोटावर हात ठेवून म्हणाला, "आजोबा, तुमचं डोकं इथं दुखतं का?" घरी आल्यापासून डॉक्टर सोडून कुणी मला थेट विचारलेला तो पहिला प्रश्न.

डिसेंबरात हाड जागेवर बसलं. जानेवारीत टीव्ही लावला, तर पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध माणसं रस्त्यावर उतरलेली, उघड्या डोक्यांनी. मला त्यांचा राग आला नाही. दाराआडच्या खुंटीवरची ती गोल वस्तू मला डोळ्यांपुढे स्वच्छ दिसत होती. तिला काय म्हणतात ते आठवत नव्हतं, इतकंच.

डॉक्टर ह्याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अंगाला राहते, आणि माझा मार नेमका तिथंच. वाचा गेली म्हणजे आवाज गेला असं लोक समजतात. त्याहून वाईट म्हणजे अक्कल गेली असं समजतात. माझी गेली ती नामं. क्रियापदं लंगडत का होईना चालत होती. सर्वनामांना धक्काही लागला नव्हता. "ते त्याच्यावर ठेव, नाहीतर ती येऊन ते करील" असं वाक्य मी सफाईनं टाकायचो आणि घरातले एकमेकांकडे बघायचे. नामाऐवजी येतो तो शब्द म्हणजे सर्वनाम, हे इतकी वर्षं शिकवलं. आता माझा सगळा कारभारच 'ऐवजी' चालला होता.

त्यातही एक गंमत होती. शब्द हरवला तरी त्याचं लिंग सहसा हरवत नसे. किल्ली म्हणता यायचं नाही, पण "ती कुठाय?" असंच यायचं. बायको त्यावरून ताडायची. 'ती' म्हटलं की किल्ली, पिशवी, गोळी. 'तो' म्हटलं की चष्मा नाहीतर टॉवेल. 'ते' म्हणजे बहुतेक पाणी. इंग्रजी बोलणाऱ्या रोग्याच्या बायकोला ही सोय नाही बिचारीला.

आणि पाढे! पाणी मागता येत नव्हतं, पण एकोणतीसचा पाढा घडाघडा. बोलणं शिकवायला मुलगी यायची, ती विचारी, आज वार कोणता? गुरुवार असा सुटा शब्द हाती लागत नसे. सोमवारी गाडीत बसायचं आणि गुरुवारी उतरायचं. पुष्कळदा ब्रेक लागायचा नाही आणि मी रविवारी जाऊन आदळायचो. गणपतीची आरती सगळ्या कडव्यांसह येत होती. शिव्याही. वॉर्डात सुई टोचली की माझ्या तोंडून, आयुष्यभर वर्गात जपलेल्या ह्या तोंडून, अशा काही शिव्या बाहेर पडत की बायको नर्सची माफी मागायची. उच्चार अगदी निर्दोष. घोकलेलं आणि रागाच्या भरात सुटणारं बोलणं अशा दुखण्यात पुष्कळदा शाबूत राहतं.

हे काही माझंच नाही. पॅरिसजवळच्या बिसेत्र इस्पितळात एक माणूस एकवीस वर्षं होता. काहीही विचारा, तो "टॅन, टॅन" एवढंच म्हणे; चिडला की मात्र एक अख्खी शिवी हासडे. दुसऱ्याचं सगळं समजत असे त्याला. १८६१च्या एप्रिलात तो वारला. पॉल ब्रोका ह्या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला, डाव्या बाजूची इजा दाखवली, आणि त्या जागेला ब्रोकांचं नाव मिळालं. मेंदू पॅरिसमध्ये अजून जपून ठेवलाय. आणि माणूस? तो पुस्तकापुस्तकांतून 'टॅन' म्हणूनच राहिला. आडनाव लबोर्न हे नोंदीत होतं, पण लुई व्हिक्तोर हे नाव आणि हा गृहस्थ बुटांचे साचे करणारा कारागीर होता ही हकिगत एका पोलिश संशोधकानं छापली २०१३ साली. दीडशे वर्षं सगळे त्याच्याविषयी बोलत होते. मी त्या मेंदूचा फोटो पाहिला आहे. बरणीतसुद्धा माणूस तृतीय पुरुषीच.

लोक वाईट असतात असं नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे तर माणसांची आणि मायेची रीघ लागली होती. ब्राह्मी आली, बदाम आले, मेंदूसारखा दिसतो म्हणून अक्रोड आले, दंडाला धागा बांधून झाला, माझ्या वतीनं कुणीतरी पालीच्या खंडोबाला बोलून आलं. ह्यातलं एकही माणूस उद्धट नव्हतं. "सर कसे आहेत?" असं सगळे आदरानं विचारत. मी समोर खुर्चीत, आणि प्रश्न स्वयंपाकघराच्या दाराकडे. काही जण थेट माझ्याशी बोलत ते ओरडून, जणू मी विहिरीत पडलोय. एक आतेभाऊ माझ्याशी हिंदीतून बोलू लागला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बँकेतला प्रसंग मात्र मला पुसता येत नाही. उजव्या हातात जोर कमी होता, सही जुळेना. पगाराचं खातं माझं, पैसे माझे. खुर्चीवरचा मुलगा तरुण, बोलायला गोड. त्यानं मला पाणी मागवलं, पंखा माझ्याकडे फिरवला, आणि बायकोला विचारलं, "मॅडम, आपण बोलतोय ते सरांना कळतं का?"

मला कळत होतं. त्याच्या टेबलाच्या काचेखाली मुदतठेवीच्या व्याजाचा तक्ता होता, त्यात 'ज्येष्ठ' मधला ष्ठ चुकला होता, हेही कळत होतं. मी तोंड उघडलं. आलं ते असं: "मी... हे... माझं... ते..." चार शब्द, चारही सर्वनामं. तो समजुतीनं हसला आणि बायकोला म्हणाला, "असू दे, असू दे. त्यांना इथं अंगठा करायला सांगा."

नव्वदीच्या दशकात, नोकरी लागण्याआधी, साक्षरता अभियानात मी रात्री वाड्यावस्त्यांवर जायचो. कंदिलाच्या उजेडात म्हाताऱ्यांचा हात हातात धरून सही गिरवून घ्यायची. अंगठा सुटला की तो माणूस कसा दिसतो ते मी पाहिलं आहे. एक आजी नाव लिहून झाल्यावर पाटी पदराखाली घेऊन घरी गेली होती, पुसू नये म्हणून. बँकेत मी अंगठा पुढं केला. भांडायला लागतात ती नामं माझ्याकडे नव्हती, आणि खरं म्हणजे मी दमलो होतो. बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. अंगठ्यावरची शाई दोन दिवस गेली नाही.

दमणं, हे कुणाला समजावून सांगता येत नाही. लग्नघरात दहा जण दहा बाजूंनी बोलतात, वर सनई, वर वाढप्यांची हाळी. पूर्वी ह्यातला हवा तेवढा आवाज आपोआप कानात यायचा, बाकीचा बाहेर राहायचा. आता सगळेच आवाज एका दारानं आत घुसतात. तासाभरात मी ओल्या पोत्यासारखा होतो. आणि नेमकं तेव्हा कुणीतरी पाठीवर थाप मारतं: "सर, तुम्ही तर एकदम फर्स्टक्लास दिसताय!" केस वाढले आहेत, व्रण झाकला गेला आहे, खरंच फर्स्टक्लास दिसतो. पण त्याचा तोटा असा की ज्यांना व्रण माहीत नाही ते मला द्वितीय पुरुषात घेतात खरे, पण कसे? एसटीत राखीव जागेवर बसलो की, "हातपाय तर धड आहेत की तुमचे." जीभ अडखळली की, "सकाळी सकाळीच टाकून आलाय काय?" दया किंवा दटावणी, एवढाच पर्याय असेल तर कधी कधी मला दटावणीच बरी वाटते. निदान ती माझ्या तोंडावर असते.

कायद्यानं माझी सोय केली आहे, नाही असं नाही. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस झाले. मेंदूच्या दुखापतीला त्यात स्वतंत्र नाव नाही. ती जे मोडते त्या नावानं ओळखली जाते. हात मोडला तर हाताच्या रकान्यात, भाषा मोडली तर भाषेच्या. वाचाघाताचा उल्लेख मात्र वाणी आणि भाषेच्या कलमात स्पष्ट आहे. चाळीस टक्के भरले की प्रमाणपत्राचा खरा उपयोग सुरू होतो. माझे भरले. तपासणीत चित्रं दाखवून नावं विचारतात. कंगव्याचं चित्र आलं, मी केसांवरून हात फिरवून दाखवला; मार्क मिळाले नाहीत. बाहेर अर्ज घेणाऱ्यानं, अर्थात बायकोलाच, विचारलं, "काय होतं ह्यांना?" शब्दांचं म्हणाल तर त्यांची चंगळ आहे. पूर्वी अपंग म्हणत, २०१५च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी दिव्यांग शब्द सुचवला, आता राज्यात दिव्यांग कल्याण विभागही आहे. मी जुना व्याकरणाचा मास्तर. विशेषण बदललं, ठीक झालं. सर्वनाम तेच आहे.

आता बायकोविषयी. आमच्या पिढीतली ती, मला 'अहो' म्हणणारी आणि माझ्याविषयी बोलताना 'हे' म्हणणारी. "ह्यांना वांगं आवडत नाही," "हे शाळेतून आले की सांगते." तीस वर्षं मी तिच्या तोंडी तृतीय पुरुषच होतो, आणि त्यात काय जिव्हाळा होता! म्हणून त्या चहाच्या ट्रेनं मला घोळात टाकलं. शब्द तोच, 'ह्यांना'. फरक इतकाच की बायको 'ह्यांना' म्हणून झालं की माझ्याकडे वळून "हो ना हो?" असं विचारते.

अपघातानंतर तीही वळायचं विसरू लागली. तिचा दोष कसा म्हणू? दिवसभर ती माझ्या गाळलेल्या जागा भरत होती. दूधवाला, डॉक्टर, माझी आई, सगळ्यांना माझं वाक्य पुरं करून द्यायचं. एका रात्री माझं टाळकं सरकलं. ताट ढकललं आणि म्हणालो, "तू... तू पण!" पुढं शब्द नाही. ती पण काही गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हणाली, "मग तुमचा शब्द येईपर्यंत मी काय मिठाची गुळणी धरून बसू? लोक माझ्या तोंडाकडे बघत असतात!" पुष्कळ रडली. मीही. मग तोडगा निघाला. कुणी काही विचारलं की ती टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर बोटानं पाच मोजते. पाचपर्यंत आलं तर माझं, नाही आलं तर तिचं. चहाच्या ट्रेला ह्या नियमाची कल्पना नव्हती.

संस्थेनं मला काढलं नाही, ग्रंथालयात बसवलं. तिथं माझं बरं चाललं आहे. पुस्तकाचं नाव तोंडावर येत नाही, पण कपाट, खण आणि पुठ्ठ्याचा रंग हाताला माहीत आहे. दुपारी वाचनाच्या तासाचे आवाज भिंतीपलीकडून येतात. तेव्हा एक मुलगा आठवतो.

तो तोतरा होता. २००५-०६च्या सुमाराला माझ्या वर्गात, तिसऱ्या बाकावर. प्रकटवाचन करताना एकेक मुलगा उभा राहायचा, त्याचा नंबर आला की मी म्हणायचो, "तू बस रे बाळ, पुढच्यानं वाचा." प्रश्न विचारला आणि तो 'त... त... त' करू लागला की शेजारच्याला विचारायचो, "काय म्हणायचंय रे ह्याला?" मला वाटायचं मी त्याला वाचवतोय, मुलं हसतात, कशाला बिचाऱ्याची शोभा? दोन वर्षं तो माझ्या वर्गात एक ओळही मोठ्यानं वाचू शकला नाही. वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे. मी पाच मोजले नव्हते.

पोवई नाक्याच्या खालच्या अंगाला त्याचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. तोतरेपणा अजून आहे, धंदाही जोरात आहे. गेल्या उन्हाळ्यात बाथरूममधला बल्बचा होल्डर जळला. बायकोला म्हटलं, मी जातो. एकटा. वाटेत शब्द घोळवत गेलो आणि दुकानाच्या पायरीवर तो निसटला. गर्दी होती. "ब... बोला सर, काय देऊ तुम्हाला?" मी तोंड उघडलं आणि दुसराच शब्द आयता आला, नीट, ठसठशीत: "बेल." त्यानं दारावरची बेल काढून खोक्यात घातली, बिल फाडलं, एकशे ऐंशी रुपये. चुकतंय हे तिथंच जाणवलं होतं. तोंडातली वस्तू स्त्रीलिंगी आणि मनातली पुल्लिंगी. पण मागं रांग होती, आणि एक वस्तू मी एकट्यानं, कुणी मध्ये न पडता, मागून घेतली होती. ती परत करायचा मोह आवरला.

बायको हसून हसून बेजार. "अहो, आपल्या दाराला बेल आहे की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी होल्डर हा शब्द कागदावर लिहून घेतला आणि खोकं घेऊन पुन्हा दुकानात. कागद पुढं केला. त्यानं वाचला, खोकं उघडून बेल उलटसुलट पाहिली. मी माजी शिक्षक, त्यात हा असा. वाटलं, आता म्हणेल, असू द्या सर, घेऊन जा. तो म्हणाला, "ब... बिल?"

मी खिसे चाचपले.

"बिलाशिवाय ब... ब... बदलून देत नाही, सर. पाटी लावलीय. तुम्ही बिल आणा."

पाटी होती खरी. तिच्यावर 'बदलून' मधला लू ऱ्हस्व काढला होता. मी खोकं काखेत मारलं आणि उन्हात घराचा चढ चढू लागलो. कालचा शर्ट दांडीवर नव्हता. बादलीत भिजत होता. मी साबणाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून खिसा शोधू लागलो, तोवर बायको न्हाणीच्या दारात येऊन उभी राहिली.

"अहो, काय शोधताय?" तिनं विचारलं, आणि चौकटीवर बोटानं मोजू लागली. एक. दोन. तीन. चार.

"बिल," मी म्हणालो. "भिजलंय."